आंग्र्यांच्या आरमारातला खंजीर? (ग्वाल्हेर, जाणकारांनी कृपया पाहावे)

वैशाली_कंपू

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरच्या कंपू भागातलं आमचं जुनं घर रिकामं करायचं चाललंय. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, सोवळ्यांच्या खाली हा खंजीर निघाला. फोटो जोडलेत, पण माळ्यावरचा उजेड आणि माझा फोन यांचं जमत नाही, म्हणून शब्दांतच सांगते.

पातं सरळ, दोन्हीकडून निमुळतं, मधोमध उभा कणा. मूठ पिवळट पांढरी, हस्तिदंती वाटते. मुठीखालची आडवी पट्टी पितळी आहे आणि तिची दोन टोकं उलट दिशांना वळलेली. म्यान लाकडी, वर काळं चामडं, लटकवायला दोन कड्या. म्यानाच्या तोंडाशी पितळी पत्रा आहे. त्यावर एका बाजूला नांगर, त्याला दोर गुंडाळलेला, आणि दुसऱ्या बाजूला शिडाचं जहाज. मुठीच्या टोकाला गोल नक्षी आहे, ती पार काळवंडलीय. त्यात सूर्याची किरणं ओळखू येतात आणि दोन्ही अंगांनी कणसांसारखं काहीतरी वर गेलंय.

आत्याबाई (वय ८४) ठामपणे सांगतात की हा आंग्र्यांच्या आरमारातला. आंग्रे ग्वाल्हेर दरबारचे सरदार, आमचे पणजोबा दरबारात कारकून, शिवाय नांगर आहे, जहाज आहे, आणखी काय पुरावा पाहिजे? भावाचं म्हणणं, सूर्य दिसतोय म्हणजे थेट शिंदे सरकारांचं राजचिन्ह. दोघांचं दोन दिवस बोलणं बंद आहे. काहीतरी सांगा.

अवलिया_७

जर्मन आहे, जर्मन! हिटलरच्या नौदलाचा. लाखोंत जाईल. बाड्यावरच्या (बाजारातल्या) कोणाला दाखवू नका, आधी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. (हलके घ्या.)

नाणेघाट

जर्मन कशावरून? १९३८ नंतरच्या जर्मन नौदली खंजिराच्या मुठीच्या टोकाला पंख मिटलेला गरुड असतो आणि त्याच्या पायांत स्वस्तिक. त्याआधी तिथे ज्वाळांचा गोळा होता आणि कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) काळात मुकुट. म्हणजे एकाच नौदलाच्या मुठीचं टोक तीन राजवटींत तीन तऱ्हांचं होतं. वैशालीताईंच्या वर्णनात यातलं एकही नाही.

सूर्याबद्दल भाऊंना सांगा की शिंद्यांच्या चिन्हात सूर्य आहे हे खरं, पण तो एकटा येत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना फणा काढलेले नाग असतात. माझ्याकडे ग्वाल्हेरची तांब्याची नाणी आहेत, त्यांतल्या जुन्यांवरही नाग आहेच, सोबत त्रिशूळ आणि भाला. घराण्याच्या मूळ पुरुषावर झोपेत नागाने सावली धरली ही कथा तुम्हाला ग्वाल्हेरला कोणीही सांगेल. तेव्हा आधी नाग शोधा. नाग नसेल तर शिंदे सरकार नाही.

मल्हारगंज

सूर्यावर आमचाही हक्क आहे हो. होळकरांच्या चिन्हात सूर्य आहे आणि शिवाजीराव होळकरांच्या रुपयावर तर सूर्याचा पूर्ण चेहराच आहे. तांब्याच्या नाण्यांवर बसलेला नंदी. पूर्ण राजचिन्ह पाहायचं तर इंदूरच्या लालबाग राजवाड्याच्या फाटकावर या. ढालीच्या एका बाजूला घोडा, एका बाजूला बैल आणि खाली संस्कृत ब्रीद: 'प्राहोमेशो लभ्या श्रीः कर्तुः प्रारब्धात्'.

कणसं म्हणालात म्हणून कान टवकारले. आमच्याकडच्या चिन्हात गव्हाची ओंबी आणि अफूचं बोंड दिसतं, माळव्याची दोन पिकं. पण ती ढालीला वेढून वर चढत नाहीत. आणि इंदूरला नांगर कशाला लागेल? खान नदीत?

सूरसागर

हजेरी लावतो, बडोद्याहून. गायकवाडांच्या जुन्या पैशावर तलवार आणि घोड्याची टाप असते, नंतरच्या नाण्यांवर सयाजीराव महाराजांचं चित्र आणि 'सेना खासखेल समशेर बहादूर' हा किताब. नांगर आमच्यातही बसत नाही.

एक गोष्ट मात्र इथेच नोंदवतो, कारण संस्थानी वस्तूंच्या प्रत्येक चर्चेत ती राहून जाते. ढाल, दोन्ही बाजूंना उभे प्राणी, खाली ब्रीदाची फीत ही मांडणी मुळात विलायती. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेरजवाड्यांना चिन्हांकित निशाणं दिली गेली. ती आखली बंगाल सनदी सेवेतल्या रॉबर्ट टेलर या अधिकाऱ्याने. नाग, नंदी, तलवार, सूर्य ही चिन्हं घराण्यांची स्वतःची आणि जुनी, पण त्यांना ढालीवर बसवण्याची पद्धत त्या दरबारानंतर रुळली. म्हणून एखाद्या तलवारीवर टेलरच्या धाटणीचं पूर्ण राजचिन्ह असेल आणि विकणारा ती पानिपतच्या वेळची म्हणून गळ्यात मारत असेल, तर पुढचं ऐकूच नका.

मूठ_आणि_म्यान

सकाळपासून धागा वाचतोय, आता राहवत नाही.

वैशालीताई, आंग्र्यांचा मुद्दा आधी निकालात काढू, म्हणजे आत्याबाईंना काय सांगायचं ते तुम्हाला ठरवता येईल. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले. त्यांच्या आरमारात गुराबा आणि गलबतं होती. तुमच्या फोटोतलं जहाज (धूसर असलं तरी) तीन डोलकाठ्यांचं, परबाणांवर (डोलकाठीवरच्या आडव्या काठ्यांवर) चौकोनी शिडं ताणलेलं युरोपीय जहाज आहे. दोर गुंडाळलेला नांगरही तिकडचाच. इंग्लंडच्या मुख्य नौसेनापतीच्या मोहोरेवर तो सोळाव्या शतकात होता, पुढे जगभरच्या नौदलांनी उचलला. त्याहून मोठी अडचण वेगळीच. सगळ्यांनी एकाच मापाचं, एकाच ठशाचं, सरकारने ठरवून दिलेलं शस्त्र कमरेला लावायचं, ही कवायती फौजांची रीत आहे. अठराव्या शतकातल्या मराठी सरदाराची कट्यार त्याची स्वतःची असे, तिच्यावर कोफ्तगिरी (पोलादावर सोन्या-चांदीच्या तारेची नक्षी) असेल, देवाचं नाव असेल, पण पत्र्यावर ठशाने उठवलेला नांगर नसेल.

आता चार गोष्टी पाहून सांगा.
पात्याची लांबी, मुठीखालच्या पट्टीपासून टोकापर्यंत.
पट्टीवर कुठे बटणासारखी कळ आहे का? खंजीर म्यानात घातल्यावर 'खट्' होतं का?
पात्याच्या मुळाशी, पट्टीला लागून, शिक्का, आकडा, अक्षर काही?
मुठीच्या टोकाची नक्षी ओल्या कापसाने हलकेच पुसा. फक्त ओल्या. चिंच नाही, पितांबरी नाही, लिंबू-राख तर नाहीच नाही.

प्राजक्ता_ठाणे

मूठ हस्तिदंताची असेल तर जपून. वन्यजीव कायद्याखाली हस्तिदंताची खरेदी-विक्री गुन्हा आहे, घरात निघाला म्हणून सुटका होत नाही.

मूठ_आणि_म्यान

बरोबर. पण ओळख सोपी आहे. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. हाडावर बारीक काळे ठिपके किंवा चरे असतात. प्लॅस्टिकवर यातलं काही नसतं, उलट साच्याची शिवण सापडते. तापलेली सुई टोचायचा सल्ला कोणी दिला तर मानू नका, काहीही निघालं तरी डाग कायमचा राहतो.

वैशाली_कंपू

मोजलं. पातं साडेएकवीस सेंटिमीटर. पट्टीवर कळ आहे, मला ती खिळा वाटली होती. खट् असा आवाज होतो आणि कळ दाबल्याशिवाय निघत नाही. मुठीवर जाळी नाही.

पात्याच्या मुळाशी छोटा शिक्का आहे, झिजलेला, आणि शेजारी १९५४.

मुठीचं टोक पुसलं. मंडळी, मध्ये पृथ्वीचा गोल आहे. गोलावर विळा आणि हातोडा. खाली उगवता सूर्य, बाजूंनी कणसं, कणसांवर फीत गुंडाळलेली. भाऊ म्हणतोय, "शिंद्यांनी कम्युनिस्ट पक्ष केव्हा काढला?"

अवलिया_७

=)) =)) भाऊंना दंडवत.

मूठ_आणि_म्यान

झालं तर मग. हा सोव्हिएत नौदलाच्या अधिकाऱ्याचा पोशाखी खंजीर, १९४५ च्या नमुन्याचा. तुमच्या भावाने पाहिलेला सूर्य खराच आहे, फक्त तो सोव्हिएत संघाच्या राजचिन्हातला. घडला बहुधा उरल पर्वतातल्या झ्लातोउस्तला. तिथला शस्त्रकारखाना १८१५ चा आणि सोव्हिएत काळातले बहुतेक कोर्तिक तिथलेच. कोर्तिक हे त्या खंजिराचं रशियन नाव. पात्याच्या मुळाशी असलेल्या शिक्क्याची अक्षरं भिंगाखाली पाहिलीत तर कारखानाही पक्का होईल.

सोव्हिएत खंजिरांत म्यानाचा वरचा पत्रा सगळं बोलतो. नांगर आणि जहाज असेल तर नौदल. पंचकोनी तारा आणि मागे क्रेमलिनचा मनोरा असेल तर भूदल किंवा हवाईदल. मूठ, पातं, कळ सारखंच. विकणारे पुष्कळदा म्यानं अदलाबदल करून दोन अर्धवट वस्तूंतून एक पूर्ण वस्तू करतात, म्हणून मूठ, पातं आणि म्यान हे तिघं एकाच घरचे आहेत का हे नेहमी तपासायचं.

नाणेघाट

यात एक भर. सोव्हिएत राजचिन्हातल्या कणसांवर फितीचे जे वेढे आहेत, ते मोजायचे असतात. एकेक वेढा म्हणजे एकेक प्रजासत्ताक. १९३६ पासून ११, १९४६ पासून १६, आणि १९५६ मध्ये कारेलो-फिनिश प्रजासत्ताक रशियात विलीन झाल्यावर १५, ते शेवटपर्यंत. नाण्यांवर आणि पदकांवर हे मोजून वर्षांचा पट्टा ठरवता येतो. मुठीच्या टोकावर जागाच इतकी कमी की मोजणं डोळ्यांची परीक्षा आहे, पण तुमच्याकडे वर्ष छापलेलंच आहे, तेव्हा गरज नाही.

प्राजक्ता_ठाणे

हे फारच रंजक आहे. वाखूसा (वाचनखूण साठवली). पण मग सगळ्या देशांचं असंच मोजून काढता येतं? म्हणजे मला उद्या जुन्या बाजारात एखादा दिसला तर सुरुवात कुठून करायची?

मूठ_आणि_म्यान

सुरुवात मुकुटापासून. माझा अनुभव असा की प्राणी पाहून देश कळतो आणि डोक्यावर काय आहे ते पाहून साल कळतं. राजवट बदलली की कारागीर सगळी ढाल नव्याने काढत बसत नाही, तो मुकुट तेवढा छाटतो किंवा बदलतो.

पोलंडचा पांढरा गरुड घ्या. शतकानुशतकं मुकुटधारी. दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीत मुकुट गेला, १९९० मध्ये परत आला. बाकी गरुड तोच. चेकोस्लोव्हाकियाचा दोन शेपट्यांचा सिंह १९६० पर्यंत मुकुट घालून होता, मग त्याच जागी तारा आला. युगोस्लाव्हियाने प्राणी ठेवलाच नाही, मशाली ठेवल्या. १९६३ पर्यंत पाच, पुढे सहा, आणि खाली २९ नोव्हेंबर १९४३ ही तारीख. ती तारीख वाचून लोक "१९४३ चा खंजीर आहे" म्हणून पैसे मोजतात. अहो, ती राष्ट्राच्या स्थापनेची तारीख, खंजिराची नव्हे! इराणचा तलवार धरलेला सिंह आणि पाठीवर सूर्य हे १९७९ च्या क्रांतीपर्यंत. हंगेरीचा मुकुट दुरूनही ओळखू येतो, त्यावरचा क्रूस कललेला आहे.

ब्रिटिश वस्तूंत तर मुकुटाची रेघच पुरते. १९०१ ते १९५२ या काळातल्या मुकुटाच्या कमानी फुगीर, वर गोल. एलिझाबेथ राणीच्या काळात कमानी मध्यावर खाली दबलेल्या. शाही नौदलाच्या मिडशिपमनच्या (शिकाऊ अधिकाऱ्याच्या) खंजिराच्या मुठीच्या टोकाला सिंहाचं मुख असतं, मूठ माशाच्या पांढऱ्या कातड्याची, आणि पात्यावर आम्लाने कोरलेली राजाची आद्याक्षरं. मुकुट एक सांगतोय आणि आद्याक्षरं दुसरं, असं झालं तर कुणीतरी जोडकाम केलंय. आपल्याकडे त्याच मुकुटाच्या जागी २६ जानेवारी १९५० पासून अशोकस्तंभाचे सिंह आले, त्यामुळे भारतीय सैन्याच्या वस्तूंना फाळणीपेक्षा ती तारीख जास्त कामाची.

गरुडांचं प्रकरण सर्वांत किचकट. एकतोंडी का दुतोंडी हे आधी. दुतोंडी असेल तर छातीवर पाहा. घोडेस्वार अजगराला भाल्याने मारतोय तर रशिया. क्रूसाच्या चार कोनांत चार अर्धवर्तुळी खुणा तर सर्बिया. आणि डावं-उजवं बोलताना एक लक्षात ठेवायचं, चिन्हशास्त्रात उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची नव्हे. नाझी जर्मनीत सरकारी गरुड स्वतःच्या उजवीकडे बघतो आणि पक्षाचा गरुड डावीकडे. हा फरक न कळल्यामुळे पक्षाच्या टोपीवरचं चिन्ह सैन्याच्या खंजिरावर चिकटवलेले नमुने मी पाहिलेत.

सूरसागर

स्वस्तिकावरून आठवलं. आमच्या इथल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी दसऱ्याच्या शस्त्रपूजेसाठी असाच एक खंजीर हौसेने घेतला होता, "शुभचिन्ह आहे" म्हणून. तिरकं उभं, गरुडाच्या पंजात. हळद-कुंकू वाहून झाल्यावर नातवाने मोबाईलवर दाखवलं. आता तो कपाटाच्या वर, फडक्यात आहे.

मल्हारगंज

एक शंका. मुठीवर एका देशाचं चिन्ह आणि पात्यावर दुसऱ्याच देशातल्या कारखान्याचं नाव असं का दिसतं? इंदूरच्या एका जुन्या वाड्यात मी होळकरी चिन्हाची तलवार पाहिली होती, पात्यावर लंडनचं नाव. मालकांना वाटत होतं की कुणीतरी फसवलं.

मूठ_आणि_म्यान

मुळीच फसवलं नाही. उलट तेच अपेक्षित. मुठीवरचं चिन्ह सांगतं की मिरवणार कोण होतं, आणि कुणी घडवलं ते पात्याच्या मुळाशी असतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. संस्थानिकांच्या तलवारी लंडनच्या विल्किन्सनकडून येत. त्यांच्या चांगल्या पात्यांच्या पाठीवर अनुक्रमांक असतो, त्यांची नोंदवही आजही शाबूत आहे आणि त्यावरून वर्ष काढता येतं. जर्मनीतलं झोलिंगेन गाव कित्येक देशांच्या सैन्यांसाठी पाती घडवायचं. तिथल्या कारखान्यांच्या खुणाही चित्रांच्या आहेत, आयकहोर्नची खार, अल्कोसोचा तराजू, डब्ल्यूकेसीचं शिरस्त्राण घातलेलं सरदाराचं डोकं. ही देशाची चिन्हं नव्हेत. खार पाहून "हे कुठल्या राजाचं चिन्ह" म्हणून शोधत बसणारे मला महिन्याला एक तरी भेटतात. आणि आज आपल्या देहरादूनला घडलेल्या समारंभी तलवारी बाहेरच्या फौजा कमरेला लावतात, तेव्हा ही वाट आता दोन्हीकडून चालू आहे.

तुमच्या वाड्यातल्या तलवारीच्या पाठीवर आकडा आहे का बघा. असेल तर मालकांची झोप परत येईल.

दर्यावर्दी_निवृत्त

धागा उशिरा पाहिला. मी नौदलातून निवृत्त. सोव्हिएत खंजीर ग्वाल्हेरच्या माळ्यावर कसा, याचं आश्चर्य वाटण्याचं कारण नाही. साठीच्या दशकापासून आपल्या नौदलाची मोठी खरेदी तिकडून झाली. आपली पहिली पाणबुडी 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजी रीगा बंदरात नौदलात दाखल झाली. पाणबुड्यांचे खलाशी आणि पुढे क्षेपणास्त्र नौकांचे खलाशीही व्लादिवोस्तोकला शिकायला गेले. महिनोन् महिने तिथे राहिले, तिथल्या थंडीत. अशा मुक्कामात भेटी होतात. आणि १९९१ नंतर तर ही वस्तू तिकडे बाजारात मुबलक आली, पर्यटकही घेऊन येत.

वैशाली, तुमच्या घरातलं कोणी नौदलात होतं का?

वैशाली_कंपू

दर्यावर्दी काका, तुमचा प्रतिसाद वाचून मी आत्याबाईंना हाच प्रश्न विचारला. माझे धाकटे आजोबा, म्हणजे त्यांचे सख्खे काका, नौदलात होते. "रशियाला गेले होते का?" "हो, गेले होते की. सत्तरच्या आसपास. एकातून एक निघणाऱ्या त्या बाहुल्या त्यांनीच आणल्या." बाहुल्या आजही शोकेसमध्ये आहेत. "मग हा खंजीरही त्यांनीच आणला असेल." तर म्हणाल्या, "छे. त्यांनी बाहुल्या आणल्या. खंजीर आंग्र्यांचा."

भिंगाखाली शिक्का पाहिला, तिरपी रेघ आणि दोन-तीन रशियन अक्षरं आहेत, फोटो टाकते. भाऊ मात्र खूश आहे. आता तो कॉलनीत सगळ्यांना सांगतोय की आमच्याकडे पाणबुडीवरचा खंजीर आहे.

नाणेघाट

पाणबुडीवर पोशाखी खंजीर कमरेला लावून कोणी फिरत नाही, हे भाऊंना हळूच सांगा. संचलनाचं, मेजवानीचं शस्त्र ते. धारही नसते त्याला.

प्राजक्ता_ठाणे

घरात ठेवायला परवाना लागतो का?

दर्यावर्दी_निवृत्त

शस्त्र नियमांतली रेघ नऊ इंच लांब किंवा दोन इंच रुंद पात्यावर आहे, आणि त्याहून मोठ्या पात्यालाही परवाना शासनाने अधिसूचित केलेल्या भागातच लागतो. हे साडेआठ इंचांच्या आत आहे. तरी बसमधून, रेल्वेतून हातात घेऊन मिरवू नका, विमानात हातसामानात तर नाहीच.

जुन्या संस्थानी तलवारींसाठी दुसरा कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलाला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर आधीच थांबा.

मूठ_आणि_म्यान

जपणुकीचं एकच सांगतो, ते महत्त्वाचं आहे. खंजीर म्यानात ठेवू नका. चामडं कमावताना वापरलेले रस ओल धरतात आणि पात्याला चरे पडतात. चामडं पितळेला लागतं तिथे हिरवा थर चढतो. पातं वेगळं, म्यान वेगळं, दोन्ही सुती फडक्यात. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याची फिकीर नाही, पावसाळ्यात बघा. आणि त्या काळवंडलेल्या पितळेला चमकवू नका. नक्षीच्या खोलगट भागातला काळेपणा आणि उंच भागावरची झीज, यावरूनच जुनी वस्तू ओळखू येते. नकली वस्तू सगळीकडे सारखीच काळी असते. रसायनाने केलेली असते ना! शिवाय अस्सल चिन्ह ठशाने दाबून उठवलेलं असतं, कडा तासलेल्या दिसतात. ओतीव नकलेत गरुडाची पिसं साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखी विरघळलेली असतात, आणि भिंगाखाली हवेचे बारीक खड्डे दिसतात.

अवलिया_७

मग किंमत किती येईल ते सांगा की राव. सगळे इतिहासच सांगतायत.

संपादक

इथे शस्त्रांच्या खरेदी-विक्रीला आणि भाव ठरवण्याला परवानगी नाही. अवलिया, ही दुसरी सूचना. बाकी चर्चा उत्तम चालू आहे.

शिवाजीपेठ

धागा वर आणतोय, माझाही एक प्रश्न आहे, कोल्हापूरहून. आमच्या शेजाऱ्यांकडे खंजीर आहे, एकतोंडी गरुड, पंख पसरलेले, तोंड त्याच्या उजवीकडे. ते सांगतात की वळिवड्याच्या छावणीतल्या पोलिश लोकांनी जाताना त्यांच्या वडिलांना दिला. वळिवड्याला युद्धकाळात पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित होते, हे तर खरंच आहे. माझे आजोबा तिथे दूध घालायचे. मग पोलिश पक्का ना?

मूठ_आणि_म्यान

पोलिश असू शकतो. गरुडाच्या डोक्यावर मुकुट आहे?

शिवाजीपेठ

आत्ता जाऊन पाहून आलो. मुकुट नाही. डोकं साफ गुळगुळीत आहे. काढून टाकल्याची खूण पण नाही.

मूठ_आणि_म्यान

मग वळिवड्याची गोष्ट बसत नाही. ती छावणी १९४३ ते १९४८ ची. तिथले लोक सोव्हिएत हद्दीतून सुटून आलेले, लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारला मानणारे. त्यांच्या टोप्यांवर, झेंड्यांवर, शाळेच्या दाखल्यांवर मुकुटधारी गरुड. मुकुट नसलेला गरुड म्हणजे ज्या राजवटीमुळे ही माणसं परत जायला कचरत होती, तिचा. ते लोक तो कोणाला भेट देणं कठीण.

शिवाजीपेठ

शेजारी म्हणतात की तुम्ही वळिवड्याला होता का तेव्हा.

मूठ_आणि_म्यान

नव्हतो. पात्याच्या मुळाशी काय आहे ते विचारा त्यांना.